मदत हवी आहे: सातबाऱ्यावर चुकीचं पीक, दाद कोणाकडे मागायची?
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, सारी कोरडवाहू कपाशी. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांपुरतं उठलं, अन् भाव पडायची धास्ती लगेच गावात शिरली. बाहेरचा कापूस लवकर येते, आमचा कागद मात्र हलत नाही. शेजारच्या काकूंच्या शेतात कपाशी उभी असताना सातबाऱ्यावर सोयाबीन लागलं आहे, म्हणून हमीभाव खरेदीची नोंदणी अडली. कार्यालयात उत्तर एकच: "साहेब आले की पाहू." बाई एकट्या आहेत, मजुरी देणं बाकी आहे.

ही दुरुस्ती २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात बसते का? पहिलं अपील कोणाकडे? पोचच देत नसतील तर? कोणाकडे अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथंच टाका, ग्रामसभेतही वाचून दाखवतो.