ग्रावेनबर्चचं म्युनिकमधलं वर्ष वाया घालवलं कोणी?

बाकावरचा_बारावा:
परवा मित्रांमध्ये यावरून इतकी जुंपली की चहा गार झाला. म्हटलं इथेच विचारू.

मधल्या फळीतला फुटबॉलपटू रायन ग्रावेनबर्च डच क्लब आयाक्सच्या अकादमीत वाढलेला, अ‍ॅमस्टरडॅमचा पोरगा. सप्टेंबर २०१८ मध्ये सोळाव्या वर्षी लीगमध्ये उतरला आणि आयाक्सचा सर्वांत लहान खेळाडू हा क्लॅरेन्स सेडॉर्फचा मान त्याच्या नावावर आला. २०२२ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकनं त्याला साधारण १ कोटी ८५ लाख युरोला घेतलं. आणि मग? अख्ख्या मोसमात बुंडेसलीगाचे, म्हणजे जर्मन लीगचे, तीन सामने सुरुवातीपासून. तीन! एरवी ट्रॅकसूट घालून रेषेबाहेर पळायचं आणि शेवटची काही मिनिटं मिळाली तर नशीब. १ सप्टेंबर २०२३ ला, खरेदी-विक्रीची खिडकी बंद व्हायच्या दिवशी, तो लिव्हरपूलला गेला.

मित्र म्हणतो, "मोठ्या क्लबात जुळवून घेता आलं नाही त्याला." अरे, जुळवून घ्यायला आधी मैदानात उभं तर करा! मधल्या फळीत किमिश आणि गोरेट्झका ठरलेलेच होते, मग आणलात कशाला? नवी सून आणायची, स्वयंपाकघराला कुलूप लावायचं आणि गावभर सांगायचं की हिला भाकरी येत नाही.

मीनल_प:
सुनेला मधे आणू नका, तिला पुरे आहेत तिचे ताप.

किमिश आणि गोरेट्झका तिथे आहेत हे त्याला जाण्याआधी माहीत नव्हतं का? वीस वर्षांचा मुलगा मोठ्या नावाला भुलला, एवढंच. हे डच लीगवाल्यांचं नेहमीचं आहे. मेम्फिस डिपाय २०१५ मध्ये पीएसव्हीतून मँचेस्टर युनायटेडला गेला, सात नंबरची जर्सी मिळाली, जानेवारी २०१७ मध्ये लिऑंला रवाना. डॉनी व्हॅन डी बेक २०२० मध्ये त्याच युनायटेडला गेला, चार वर्षांत ६२ सामने आणि त्यातलेही बरेचसे बदली म्हणून. घरच्या लीगमध्ये चेंडू मिळाल्यावर विचार करायला वेळ असतो, बाहेर तो कोणी देत नाही. आणखी एक वर्ष आयाक्समध्ये काढलं असतं तर काय बिघडलं असतं?

आम्स्टेलवेनकर:
आधी उच्चार. इथे नेदरलँड्समध्ये 'ग' घशातून येतो, म्हणून तो 'ख्राव्हनबेर्ख'. शेजारच्या आजोबांनी मला तीनदा म्हणायला लावलं, चौथ्यांदा माझा घसा बसला.

मीनलताई, एक गोष्ट सुटली. त्याचा आयाक्सशी करार २०२३ पर्यंतच होता. नवा करार करायचा नसेल तर २०२२ मध्ये विकणं आयाक्सलाही भाग होतं, नाहीतर वर्षभरानं पोरगा फुकटात गेला असता. आणि तिथे तो एकटा पडला असंही नाही. त्याच उन्हाळ्यात आयाक्सचाच मझरावी बायर्नमध्ये आला, शिवाय युव्हेंटसहून डि लिख्ट. ड्रेसिंग रूममध्ये डच बोलायला माणसं होती. अडचण भाषेची नव्हतीच, जागेची होती. प्रशिक्षकही मार्चमध्ये बदलला, नागेल्समान गेले, टुखेल आले. दोघांनाही हा नेमका कुठे खेळवायचा ते ठरवता आलं नाही.

मीनल_प:
कराराचं मान्य. ते लक्षात नव्हतं. पण मग नवा करार का नाही केला? शेवटी तोही त्याचाच निर्णय.

रंकाळ्याचा_वारा:
दोन प्रशिक्षकांना एकच शंका येत असेल तर थोडं पोराकडेही बघा की राव. आयाक्समध्ये त्याची ती सवय आठवते का? चेंडू आला की आरामात तळव्याखाली घ्यायचा, मग वर बघायचं. दिसायला देखणं. पण जर्मनीत तेवढ्यात दोघं अंगावर येतात.

आणि लिव्हरपूलला गेल्या गेल्या काय केलं? नेदरलँड्सच्या २१ वर्षांखालच्या संघात निवड झाली, तर हा म्हणाला मी येत नाही, क्लबात थांबून सराव करतो. राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक कूमननी उघड नाराजी दाखवली. बरोबरच आहे! आमच्या कोल्हापुरात असं केलं तर पेठेतली पोरं परत मैदानात पाय ठेवू देणार नाहीत. देशाची जर्सी नाकारायची म्हणजे काय?

बाकावरचा_बारावा:
उलट मला तो त्याचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. वर्षभर न खेळलेला माणूस, नव्या देशात येऊन आठवडाही झाला नाही, सामान अजून खोक्यात. ते दोन आठवडे लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉपबरोबर घालवायचे की परत विमानात बसायचं? तुम्हीच म्हणता जुळवून घे, आणि घ्यायला गेला की माज.

रंकाळ्याचा_वारा:
मग युरो २०२४ ला संघात असून एक मिनिटही मिळालं नाही, त्याची कुरकुर करू नका. फ्रेंकी डि याँग दुखापतीनं घरी, तरी नाही!

आम्स्टेलवेनकर:
कुरकुर नाही, पण त्यानंतर दोन-तीन महिन्यांत काय झालं बघा. त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलचे नवे प्रशिक्षक आर्ने स्लॉटना बचावासमोर खेळायला रेआल सोसिएदादचा झुबिमेंडी हवा होता. तो आलाच नाही. तेव्हा ही जागा ख्राव्हनबेर्खला मिळाली. १ सप्टेंबर २०२४, मँचेस्टर युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. कासेमिरोचा पास हवेत असतानाच हा दोन पावलं पुढे सरकला, चेंडू हिसकावला, थेट सालाहकडे, आणि तिथून क्रॉसवर डियाझचं हेडर. सामना ३-० जिंकला. पण मला आवडतं ते वेगळंच. बचावपटूकडून पास येत असताना हा पाठीवरचा माणूस न बघता ओळखतो. अंग आधीच अर्धवट वळवलेलं असतं. चेंडू पुढच्या पायावरून वाहू देतो, स्पर्श जेमतेम, आणि मागून आलेला टॅकल करणारा रिकाम्या गवतावर. तळव्याखाली चेंडू दाबायची ती जुनी सवय कुठे दिसते सांगा.

मीनल_प:
म्हणजे झुबिमेंडी 'हो' म्हणाला असता तर हा अजून बाकावरच. याला जुळवून घेणं म्हणायचं की नशीब?

आम्स्टेलवेनकर:
जागा नशिबानं मिळाली. ३८ पैकी ३७ लीग सामने सुरुवातीपासून खेळणं नशिबानं होत नाही. लिव्हरपूल २०२५ चं विजेतं, हा प्रीमियर लीगचा मोसमातला सर्वोत्तम तरुण खेळाडू.

उपनगर_लोकल:
बर्गकँपला विसरलात सगळे. १९९३ मध्ये आयाक्सहून इंटरला गेला, दोन वर्षं रडकथा, १९९५ मध्ये आर्सेनल आणि पुढचं माहीतच आहे. पहिलं घर चुकतं हो कधीकधी. बायर्नला शिव्या नकोत आणि पोरालाही.

बाकावरचा_बारावा:
बायर्नला थोड्या तरी घालू द्या. थोडेथोडके नव्हे, चांगले दुपटीनं पैसे वसूल केले त्यांनी लिव्हरपूलकडून. खेळवलं नाही ते नाहीच, वर नफा.

रंकाळ्याचा_वारा:
बरं, खेळाडू भारी आहे हे मी कधी नाकारलं? २१ वर्षांखालच्या संघाचं मात्र मी विसरणार नाही. आणि विजेतेपद मिळाल्यावर शेवटच्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लाल कार्ड घेऊन बसला, पुढच्या मोसमाची सलामी बाहेरून बघितली. ३७ सामने म्हणे.

आम्स्टेलवेनकर:
तो ३७ मधलाच एक होता.