वडिलांना मॉर्फिन सुरू केले आहे; धास्ती कितपत खरी?

प्रश्न – कृष्णाकाठ

माझ्या वडिलांना (वय ७१) प्रोस्टेटचा कर्करोग असून तो मणक्यापर्यंत पसरला आहे. आतापर्यंत ट्रामाडॉल या वेदनाशामकावर भागत होते. आता पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांनी ते बंद करून मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली आहे. घरी येणारा प्रत्येक नातेवाईक ‘मॉर्फिन म्हणजे शेवटचे औषध, आत्ताच दिले तर पुढे काय देणार?’ असे विचारतो आणि ते ऐकून वडील दुखणे अगदी असह्य होईपर्यंत गोळी घेतच नाहीत. व्यसन लागण्याची भीती कितपत खरी आहे? त्यांना झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घेण्याची जुनी सवय आहे, ती चालू ठेवावी का? आणि जी गोळी गावातल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही, ती घरात ठेवणे सुरक्षित आहे का?

उत्तर – वेदनाशमन परिचारिका

आपल्या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: पुढे गरज पडली तर मॉर्फिनचीच मात्रा वाढवता येते. ट्रामाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅमपलीकडे देत नाहीत. मॉर्फिनला अशी ठरावीक कमाल मर्यादा नाही, मात्र प्रत्येक वाढ डॉक्टरांनीच ठरवायची असते.

वडील गोळी घेणे लांबवतात, ही मला अधिक काळजीची बाब वाटते. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ पाहून घ्यायची; वेदना भडकल्यावर घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. वेळा कागदावर लिहून तो भिंतीवर लावावा आणि प्रत्येक गोळीपुढे खूण करावी, म्हणजे ‘मघाशी दिली होती की नाही’ हा घोळ होत नाही व चुकून दोनदा दिली जात नाही. मधेच कळ उठली तर घ्यायची जादा मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी आणि ती दिवसातून किती वेळा लागली याचीही नोंद ठेवावी, कारण पुढची मात्रा त्यावरूनच ठरते.

व्यसन आणि शरीराला झालेली सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे मॉर्फिन घेतलेल्या माणसाने ते एकाएकी थांबवले तर घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास कोणालाही होईल. म्हणून ते हळूहळू उतरवतात. व्यसनात औषधाची ओढ वेदनेशी संबंध सोडून वाढत जाते. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत तसे क्वचितच होते. कुटुंबात कोणाला दारूचे वा अन्य व्यसन असेल, तर ते मात्र डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

मळमळ आणि गुंगी बहुधा पहिल्या काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच हवे. आपल्याकडे सगळे इसबगोलाकडे वळतात, पण पाणी कमी पिणाऱ्या रुग्णात त्याने मळ उलट अडकून बसू शकतो. बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखे रेचक विचारून घ्यावे.

अल्प्राझोलामबद्दल डॉक्टरांना आजच फोन करावा. मॉर्फिन आणि झोपेची गोळी (किंवा दारू) एकत्र आली की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. पण जुनी गोळी स्वतःच्या मनाने एकदम तोडणेही घातक आहे. हाका मारून, हलवूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास अतिशय संथ झाला असेल, तर पुढची गोळी न देता १०८ ला फोन करावा. डोळ्यांच्या नुसत्या बारीक बाहुल्या पाहून घाबरू नये. मॉर्फिनवर त्या तशाच असतात.

उत्तर – औषधनिर्माता

दुकानात न मिळण्याचे कारण कायद्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायचे तर रुग्णालयांनाही वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने काढावे लागत आणि बहुतेकांनी तो नाद सोडून दिला. २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येते. तरीही अशा संस्था मोठ्या शहरांतच अधिक, त्यामुळे तालुक्याच्या रुग्णाला हेलपाटे चुकत नाहीत. मॉर्फिन ज्या अफूपासून बनते तिची कायदेशीर शेती जिथे होते आणि तिचे कारखाने नीमच व गाझीपूरला आहेत, त्या देशात ही स्थिती असावी, हे मला तरी पटत नाही.

घरात गोळ्या कुलपात ठेवाव्यात, आठवड्यातून एकदा मोजाव्यात, उरलेल्या त्याच संस्थेत परत कराव्यात. दुसऱ्याच्या पाठदुखीला ‘एखादी देऊन पाहू’ हे कदापि करू नये. घरात उरलेले ट्रामाडॉलही बाजूला काढावे. एप्रिल २०१८ पासून तेही याच कायद्याखाली आले आहे आणि जास्त मात्रेत त्याने झटके येऊ शकतात.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचे आभार. डॉक्टरांशी बोलणे झाले. झोपेची गोळी टप्प्याटप्प्याने कमी करणार आहेत. पुढच्या आठवड्यात मणक्याला रेडिएशन सुरू होईल. एका परिचितांनी गोळ्यांऐवजी फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच सुचवला आहे, तो अधिक सोयीचा नाही का?

उत्तर – वेदनाशमन परिचारिका

मात्रा अजून स्थिरावलेली नसताना पॅच लावत नाहीत. त्याचा पुरता असर व्हायला १२ ते २४ तास लागतात आणि काढल्यावरही औषध बराच वेळ शरीरात राहते, त्यामुळे झटपट फेरबदल करता येत नाही. गिळता येत नसेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचा विचार होतो. म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) ताजा अहवाल डॉक्टरांना दाखवावा. पॅच असताना शेकण्याची पिशवी त्यावर कधीही ठेवायची नसते, कारण उष्णतेने औषध वेगाने शोषले जाते. रेडिएशनने वेदना उतरू लागली की तीच मात्रा जास्त होऊन गुंगी वाढू शकते. त्या काळात वडील दिवसा अधिक झोपू लागले तर ‘बरे झाले, आराम पडला’ असे समजून थांबू नका, मात्रा कमी करायची का हे त्याच दिवशी विचारा.