एकाला सोडायला चौदा जण विमानतळावर कशाला?

कृष्णाकाठ :
परवा भाच्याला मुंबईला सोडून आलो. पोरगं जर्मनीला एमएसला चाललंय. सांगलीहून ट्रॅव्हलर केली. आत चौदा माणसं, दोन बॅगा, एक कुकर आणि भडंगाची पिशवी. विमान रात्री २:५०चं, पण आम्ही सकाळी दहालाच निघालो, कारण 'घाटात अडकलो तर?' तीन ठिकाणी चहा झाला, खालापूरला त्याच्या आत्याची चप्पल तुटली.

मुंबई विमानतळाच्या टी-टूला (टर्मिनल दोन) वरच्या मजल्यावर गाडी थांबते न थांबते तोच शिट्ट्या सुरू. तिथे गाडी उभी करू देत नाहीत. मग पाच-सात मिनिटांत सगळ्यांच्या पाया पडणं, फोटो आणि दही-साखर. दही डबीत आणि साखर पुडीत, आमच्या आईने पर्समधून आणलेलं. 'जातो म्हणू नको, येतो म्हण' हे किमान सहा जणांनी सांगितलं. तिकीट-पासपोर्ट असेल तोच आत, त्यामुळे पुढे आम्ही काचेला नाक लावून उभे.

माझं मत : निरोप घरी, उंबऱ्याशी द्यावा. विमानतळावर आईबाप गेले की बास. ट्रॅव्हलरचे बावीस हजार पोराच्या हातावर ठेवले असते तर तिकडे दोनशे युरो तरी झाले असते.

मिरजेची मावशी :
उंबऱ्याशी निरोप द्यायला पोरगा काय तालुक्याला चाललाय?
माझ्या मुलाच्या वेळचं सांगते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. आम्ही शेत दाखवलं, तर शेतजमीन चालत नाही म्हणाले. शेवटी थोरल्या दिरांनी त्यांचं राहतं घर लिहून दिलं. जाऊबाई एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. आता त्या दोघांना मी सांगू, की तुम्ही घरीच थांबा, गाडीचं भाडं वाचतंय? दीर काही बोलले-रडले नाहीत. मुलगा रांगेत दिसेनासा होईपर्यंत नुसते बघत होते. मग म्हणाले, चला, झालं. त्यांचा तेवढा हक्क होता.
युरोचा हिशेब तुम्ही केलात, हा नाही केलात.

आखेनकर :
धागाकर्त्याला +१, आणि हे जाणाऱ्याच्या बाजूने लिहितेय. मी नाशिकची. मला सोडायला अकरा जण होते.
त्या दिवशी डोक्यात काय चालू असतं ते सांगते. फाईल कुठे आहे? ॲडमिशनचं पत्र, विम्याचा कागद, ब्लॉक्ड अकाउंटचा कागद (जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात, महिन्याला त्यातले ९९२ सुटतात). हे सगळं हातात धरून मी काउंटरच्या रांगेत, आणि फोन वाजतोय. काका : काचेतून दिसतेयस, मागे वळून हात कर. हात केला. मग मामी : आम्हाला नाही दिसला, परत कर. चार वेळा!
रडावंसं वाटत होतं, पण अकरा जणांसमोर रडले असते तर आईचं काय झालं असतं? म्हणून हसत राहिले. रडू फुटलं ते जर्मनीत, आखेनला, चौथ्या दिवशी, कुकरची शिट्टी सापडेना तेव्हा. ती नाशिकलाच राहिली होती. आजही वाटतं, बाबा आणि मी दोघंच आलो असतो तर गाडीत तरी धड बोललो असतो.

अडीच चाक :
आमचे काका नव्वदच्या दशकात आखातात गेले तेव्हा अख्खी चाळ सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर. हार, नारळ सगळं. तेव्हा पैसे भरून पाहुण्यांचं तिकीट काढलं की आत सोडायचे. काका हार घालूनच चेक-इनला उभे राहिलेले. चौदा म्हणजे काहीच नाही हो.

चष्मेबहाद्दर :
@कृष्णाकाठ, एक प्रामाणिक प्रश्न. बॅगेचं वजन बरोबर भरलं का? आमच्याकडे कधीच भरत नाही.

कृष्णाकाठ :
@मावशी, ज्यांनी घर तारण ठेवलं त्यांचा मान पहिला, वादच नाही. पण आमच्या गाडीतल्या उरलेल्यांनी काय तारण ठेवलं होतं? दोघं तर येताना मुंबई बघू म्हणून आले होते.

@चष्मेबहाद्दर, नाही भरलं. बॅगेला २३ किलोची मर्यादा, काटा म्हणे २४.६. घरच्या काट्यावर बरोबर २३ होतं. बॅग उघडली तर वर खोबऱ्याच्या वाट्या, सात-आठ. ताईने त्याला न सांगता शर्टांच्या घड्यांत कोंबलेल्या. सुकं खोबरं २०२२पासून चेक-इन बॅगेतही चालत नाही. त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. वाट्या आणि वर एक किलो भडंग काढून पोरगं परत दरवाजाशी आलं.

मिरजेची मावशी :
आणि ते घ्यायला बाहेर कोण होतं?

कृष्णाकाठ :
त्याची आत्या. ताई-दाजी रडत बाकावर बसलेले, त्यांना फोनच ऐकू आला नाही. आत्या तुटकी चप्पल तिथेच टाकून अनवाणी धावली.
पण म्हणून चौदा जण लागत नाहीत. तीन करा हवं तर.

मिरजेची मावशी :
तिसरं कोण ते आधी कसं कळणार?

आखेनकर :
आणि ते 'इमिग्रेशन झालं'चा मेसेज येईपर्यंत थांबणं, ते तरी बंद करा. मी आत सँडविच खात बसले होते आणि मेसेज टाकायचंच विसरले. पाऊण तास अकरा जण डासांत उभे.

चष्मेबहाद्दर :
सगळं कळलं. वाट्यांचं काय झालं?

कृष्णाकाठ :
रविवारी सुक्क्या मटणात गेल्या. चौदाही जण जेवायला होते.