वजनकाटा हलला नाही तरी…
वर कुणी म्हटलंय, चालून वजन उतरत नसेल तर हृदयाला उपयोग शून्य. अजिबात पटलं नाही. मिरामारच्या वाळूतून झपझप चालताना रक्ताचा वेग वाढतो, त्याचं घर्षण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला जाणवतं. तिथल्या पेशींतलं एक एन्झाइम मग आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूपेशीत शिरून वाहिनी सैल करतो, म्हणजे रक्त ढकलताना हृदयावरचा ताण हलका. (हाच तो रेणू, १९९८च्या वैद्यकातल्या नोबेलवाला.) चालण्यात सातत्य ठेवलं तर ते एन्झाइमच जास्त तयार होऊ लागतं, काटा ढिम्म असला तरी! आता परतताना भाजी-पाव आणि मिरची भजी हाणायची का, ते ज्याचं त्यानं बघावं.