मदत हवी आहे: शार्क मासे टाकीत मावेनात

नमस्कार मंडळी, मी बेळगावात शहापूरला राहतो. दोन वर्षांमागं पोराच्या हट्टापायी दुकानातनं बोटाएवढे दोन शार्क आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आणलेला, दुकानदार म्हणाला टाकीच्या मानानंच वाढतात काय काळजी करू नका, आणि मी पण विश्वास ठेवला की ओ. आता शार्क फूटभर झालेत आणि टाकी आमची दोनच फुटी, जेमतेम 70 लिटर. वळायला जागा नाही, दारावरची बेल वाजली तरी दचकून काचेवर आपटतात, एकाचं नाक सोलून लाल झालंय, बघवत नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं हे खरे शार्क नव्हेतच, मेकाँग नदीतला पंगास, चार फुटांपर्यंत जातो. टाकी लहान म्हणून मासा लहान राहत नाही, घाण पाण्यानं खुंटतो आणि आजारी पडतो. सध्या खाणं कमी केलंय, आठवड्याला दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलतोय, पण नळाला पाणी रोज कुठं येतंय!

शेजारचे काका म्हणतात किल्ला तलावात नाहीतर मार्कंडेय नदीत सोडून दे. ते मी करणार नाही, बाहेरचा मासा, विशेषतः सकर, एकदा रुजला की गावचे मासे संपू शकतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाकडं बंदिस्त सिमेंटचा मोठा हौद आहे का, पाळायलाच घेणारा? पैसे नकोत. आणि एवढे मोठे मासे न्यायचे कसे, झाकणाचा ड्रम चालेल का, नाकाच्या जखमेला नुसतं मीठ पुरेल का, हे पण सांगा प्लीज.