मदत हवी आहे: सिनेमे-गाणी नसलेला, फक्त खेळायचा हातातला गेम (इंदूर)

गुळपोळी
लवकर सांगा, रविवारच्या आत घ्यायचाय. हातात धरून खेळायचा गेम कन्सोल हवा आहे. सिनेमे, गाणी, इंटरनेट, कॅमेरा यातलं काहीही नको. काल अख्खा जेल रोड पालथा घातला. जो तो दुकानदार आधी हेच सांगतो, 'मॅडम, इसमें यूट्यूब भी चलेगा, टीवी से भी जुड़ेगा.' किंमत ऐकली की मी गप्प. जे वापरायचंच नाही त्याचे पैसे मी का द्यायचे? हे सगळं काढून टाकलेलं स्वस्त मॉडेल कुठली कंपनी काढते का, आणि इंदुरात मिळेल का? 'मोबाईलवर खेळा' हे उत्तर कृपया देऊ नका.

सेवपरमल
बजेट?

रामबागकर
मोबाईलवर का नको ते तरी सांगा. घरात एखादा जुना पडलेला असेलच.

बटणबहाद्दर
बजेट सांगितलं नाही, गेम कुठले तेही नाही. तरी सांगतो. तुम्ही म्हणताय ते निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने केलंय. त्यांचा स्विच कन्सोल २०१७ला आला तेव्हा अमेरिकेत ३०० डॉलर. २०१९ला त्याचाच स्विच लाइट काढला, २०० डॉलर. टीव्हीला जोडायची सोय काढली, कंट्रोलर वेगळे होत नाहीत, खेळताना हातात थरथरायची सोय काढली. डोळे झाकून लाइट घ्या. फक्त भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्री नाही, तेव्हा जेल रोडवर जो मिळेल तो बाहेरून आलेला. भाव दुकानदार ठरवणार आणि वॉरंटी म्हणजे त्याचा शब्द.

ओहमचा_नियम
बटणबहाद्दर, उदाहरण बरोबर, पण ताईंचा मूळ समज चुकतोय. सिनेमे आणि गाणी काढल्याने काही स्वस्त होत नाही. पैसा जातो पडद्यात, चिपमध्ये, बॅटरीत आणि मेमरीत, आणि हे चारही गेमला लागतातच. जी चिप गेम चालवते तिला व्हिडिओ दाखवणं किरकोळ आहे, त्यासाठी वेगळा भाग बसवत नाहीत. स्विच लाइटमध्ये कमी झाले ते प्रत्यक्ष भाग: डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड), वेगळे कंट्रोलर, थरथरीच्या मोटारी. स्वस्ताई तिथून आली.

चकली_नं_१
मुलांना असलं काही देऊच नये हे माझं स्पष्ट मत. डोळे, मान, चिडचिड. चिमणबागच्या मैदानावर पाठवा संध्याकाळी, बॅट घेऊन. आमच्या शेजारचा मुलगा जेवतानासुद्धा सोडत नाही.

माळवी_मिरची
@ओहमचा_नियम, सॉफ्टवेअर फुकट असतं हे कुणी सांगितलं? परवान्याचे पैसे पडतात. पहिल्या एक्सबॉक्सवर डीव्हीडी सिनेमा बघायचा तर रिमोटचा संच वेगळा विकत घ्यावा लागे, कारण डीव्हीडीची रॉयल्टी त्यातून वसूल करायची होती. ज्याला सिनेमा हवा त्याने भरावे. ताई म्हणताहेत तेच झालं ना? निन्टेंडोचा 'वी' कन्सोल आला तेव्हा त्यावरही डीव्हीडी सिनेमे चालत नव्हते.

ओहमचा_नियम
ते दोन्ही टीव्हीला जोडायचे कन्सोल. इथे हातातल्याची चर्चा चालू आहे.

माळवी_मिरची
मग हातातला घ्या. सोनीचा पीएसपी. २००५ला अमेरिकेत २५० डॉलर, आणि गेमच्या यूएमडी चकत्यांवर सिनेमेही विकायला काढले. कोण घेणार? तोच सिनेमा डीव्हीडीवर मिळायचा आणि तो घरच्या टीव्हीवर दिसायचा. त्याच वेळी निन्टेंडो डीएस १५० डॉलरला, सिनेमे नाहीत, गाणी नाहीत. डीएस १५ कोटींवर खपला, पीएसपी ८ कोटींच्या आसपास. आता बोला.

ओहमचा_नियम
बोलतो. पीएसपीची किंमत सिनेमांमुळे नव्हती. मोठा पडदा, ताकदवान चिप आणि चकती फिरवणारी मोटार होती त्यात. सोनीनेच २०११ला युरोपात स्वस्त पीएसपी काढला, १०० युरोंचा. काय काढलं त्यातून? वाय-फाय आणि एक स्पीकर. सिनेमे तसेच राहिले! सोनीच्याच पुढच्या हातातल्या व्हिटाचंही तेच: वाय-फायवाला २५० डॉलर, ३जीवाला ३००. मॉडेमचे ५० डॉलर. वस्तू काढा, किंमत उतरते. मेनूतलं चित्र काढून काही उतरत नाही.

बटणबहाद्दर
आणि कधी कधी काहीही न काढता उतरते. डीएसनंतरचा, चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवणारा ३डीएस २०११च्या मार्चमध्ये २५० डॉलरला आला आणि ऑगस्टमध्येच १७० झाला, कारण खपत नव्हता. मग २०१३ला २डीएस, १३० डॉलर. थ्रीडी काढली, बिजागरी काढली, एकच स्पीकर. गंमत म्हणजे वर-खाली दोन पडदे दिसतात पण आत एकच मोठा आहे, मधला भाग प्लॅस्टिकने झाकलाय. मला तो फार आवडतो. दिसायला मात्र पाचरीसारखा.

सेवपरमल
बजेट???

नवाकोरा
ताई, पीएस पोर्टल घ्या. माझ्याकडे आहे, मस्त आहे, पडदा मोठा.

बटणबहाद्दर
@नवाकोरा, तो घरातल्या पीएस५वर (सोनीचा टीव्हीला जोडायचा कन्सोल) चालणारा गेम वाय-फायवरून दाखवण्यासाठी बनवलेला आहे. ताईंकडे पीएस५ आहे का? स्वस्तात हवंय म्हणताहेत त्या.

रामबागकर
म्हणूनच म्हणतो, मोबाईल.

गुळपोळी
अहो थांबा जरा! मुलगा कुठून आला? माझ्या बाबांसाठी हवंय. वय ७४. सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून रविवार म्हटलं. मोबाईल त्यांना नको, बोट लावायला जातात आणि कुणाला तरी फोन लागतो. बटणं हवीत, दाबल्यावर कळणारी. आणि उघडल्या उघडल्या गेम दिसला पाहिजे, मधे दहा चित्रं नकोत. बजेट पाच हजार.

चकली_नं_१
एक गुडघा की दोन्ही? दोन्ही एकदम करू नका. माझ्या सासूबाईंना फिजिओथेरपीचा फार त्रास झाला. आणि घरात कमोड उंच करून घ्या आधी.

सेवपरमल
पाच हजारात स्विच लाइट विसरा.

माळवी_मिरची
हे आधी सांगायचं ना ताई! आम्ही उगाच पीएसपीवर भांडलो. काका खेळतात काय पण?

गुळपोळी
ते ठोकळे पडतात तो. दुसरं काही नाही. आधीचा बिघडला म्हणून तर नवा शोधतेय.

ओहमचा_नियम
आधीचा कुठला?

गुळपोळी
नाव नाही माहीत, आईने मागचं स्टिकर खरवडून काढलंय. राखाडी, जाड, विटेएवढा. आत्याने न्यू जर्सीहून आणला होता, मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. चार पेन्सिल सेल लागतात. दोन जांभळट लाल बटणं. आता पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेघा येतात आणि ठोकळा मधेच दिसेनासा होतो.

बटणबहाद्दर
अहो ताई!! तो १९८९चा गेम बॉय आहे, निन्टेंडोचाच. ठोकळ्यांचा तो गेम म्हणजे टेट्रिस, अमेरिकेत त्याच्याबरोबरच मिळायचा. तुम्ही ज्याला 'सगळं काढून टाकलेला' म्हणताय त्याचा आद्य पुरुष घरातच आहे. रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही, ९० डॉलर. सेगा कंपनीच्या गेम गियर या त्याच्या स्पर्धकाला रंगीत, उजेडाचा पडदा होता, वर टीव्ही बघायचा ट्यूनरसुद्धा जोडता यायचा. पण सहा सेल, तेही काही तासांत संपायचे. गेम बॉय त्याच्या रंगीत भावासकट (गेम बॉय कलर) ११ कोटींच्या वर खपला. टाकू नका तो, कुणी भंगारात मागितला तरी देऊ नका.

ओहमचा_नियम
उभ्या रेघा हा त्या मॉडेलचा ठरलेला आजार. पडद्याच्या खालच्या कडेला एक चपटी पट्टी चिकटवलेली असते, तिचा चिकटा वर्षांनी सुटतो आणि त्या रांगेचा संपर्क तुटतो. पुढची बाजू उघडायची, पडद्याखालचा रबराचा तुकडा उचलायचा आणि सोल्डरिंग आयर्न कमी तापवून त्या पट्टीवरून हळूच सरकवायचं. गेम चालू ठेवूनच करायचं, म्हणजे रेघ गेली की तिथल्या तिथे दिसतं. जास्त तापवलं तर पट्टीच जळेल. मागच्या झाकणाचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, तीन पाकळ्यांचा लागतो. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कुणाकडेही असेल.

माळवी_मिरची
नॉव्हेल्टी मार्केटमध्ये वरच्या मजल्यावर विचारा. खालचे फक्त कव्हर विकतात.

नवाकोरा
एवढा उपद्व्याप कशाला, जुने गेम चालवणारे हातातले चिनी रेट्रो हँडहेल्ड मिळतात पाच हजारात. हजारो गेम आधीच भरलेले.

ओहमचा_नियम
आणि ते बहुतेक विनापरवाना भरलेले. शिवाय काकांना हजार गेमच्या यादीतून एक शोधावा लागेल. दहा चित्रं नकोत म्हणाल्यात त्या.

नवाकोरा
यादीत 'आवडते' म्हणून पान असतं. तुम्ही वापरलाय का कधी?

ओहमचा_नियम
दोन आहेत माझ्याकडे. म्हणूनच सांगतोय.

गुळपोळी
झालं काम. वरच्या मजल्यावरच्या मुलाने आधी 'ये क्या चीज़ है' म्हणून फोटो काढला, मग ओहमचा_नियम यांचा निरोप मी त्याला हिंदीत वाचून दाखवला. दोनशे रुपये घेतले. रेघा गेल्या, एक उरली आहे अगदी उजवीकडे. ती ठोकळ्यांवर येत नाही, स्कोअरच्या रकान्यावर येते. बाबांची आता तीच तक्रार, आकडा नीट वाचता येत नाही म्हणून.
चार सेल रोज कुठे आणत बसू, चार्ज होणारे चालतील का?

बटणबहाद्दर
चालतात. साधे चार्जिंगचे पेन्सिल सेल घ्या, आठ घ्या म्हणजे चार चार्जरमध्ये राहतील. डावीकडचा लाल दिवा मंद व्हायला लागला की बदलायचे. आणि दवाखान्यातून आल्यावर काही दिवस खेळणार नसतील तर सेल बाहेर काढून ठेवा, आत गळले तर संपर्काच्या पट्ट्या गंजतात.

चकली_नं_१
ऑपरेशन कुठल्या डॉक्टरांकडे आहे? व्यक्तिगत निरोपात कळवा.