शुगर आणि किडनी दोन्ही सांभाळून आईला जेवायला काय द्यायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आई ६७ वर्षांची, मधुमेह बरीच वर्षं. नव्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर ३५ (दोन्ही किडनी किती काम करते ते सांगणारे आकडे), पोटॅशियम ५.४ म्हणजे जरा जास्तच, लघवीतून प्रोटीनही जातंय. डॉक्टरांनी शुगरची मेटफॉर्मिन निम्मी करून डॅपाग्लिफ्लोझिन (शुगर-किडनी दोन्हींसाठीची गोळी) सुरू केलीय. औषधांबद्दल प्रश्न नाही, घोडं अडलंय ते ताटापाशी. शुगरसाठी इतकी वर्षं डाळी, उसळी, पालेभाज्या खा म्हणत होते, आता पोटॅशियमसाठी त्याच मोजून खायच्या! कुणीतरी लो सोडियम मीठ सुचवलं. पाकिटामागे पोटॅशियम क्लोराईड लिहिलेलं दिसलं, तसंच ठेवून दिलं.

पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या चिरून, उकळून, ते पाणी फेकून देतेय. पण मेथीला मग चवच उरत नाही, आई ताट सरकवते. तुमच्या घरी असं कुणी असेल तर रोजचा नाश्ता आणि भाजी काय करता? संकष्टीला काय देता? साबुदाण्याने शुगर चढते, बटाटा-शेंगदाण्यात पोटॅशियम. उपास सोड म्हणायची माझी टाप नाही.

सोलापूरकडे किंवा ऑनलाइन, मराठीत बोलणारी किडनीची आहारतज्ज्ञ माहीत असेल तर कळवा. काढे, चूर्णं कृपया नकोत, आणि ‘डायलिसिस लागणारच’ हेही.